विमान थांबवायचं कधी? मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या मुलांना हे काम समजावायचं तर साखर कारखान्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. हंगाम संपला की मिलचे रोलर बाहेर येतात, बॉयलरच्या ट्यूब तपासल्या जातात, टर्बाइन उघडतं आणि गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत सगळं परत जागेवर बसतं. विमानाला असा ऑफ-सीझन नसतो. ते बारा महिने उडतं, आणि त्याची देखभाल दोन उड्डाणांच्या मधल्या फटीत बसवावी लागते. कधी ही फट एका रात्रीची असते, कधी तीन आठवड्यांची. ती आधीच ओळखून ठेवायची आणि त्या वेळात काम, माल, माणूस आणि जागा एकत्र आणायची, हे मेंटेनन्स प्लॅनरचं काम.

उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानकाळातला, १९३९ चा. २०२४ मध्ये तिथं नवं टर्मिनल झालं. डिप्लोमा किंवा बी.ई. करणारी मुलं विचारतात की या क्षेत्रात पायलट आणि केबिन क्रू सोडून दुसरं काय काम असतं. प्लॅनिंग हे त्यातलंच एक, बाहेरच्यांना जवळजवळ माहीत नसलेलं. इथं स्पॅनर हातात घ्यावा लागत नाही, पण तो कुणाच्या हातात, कोणत्या दिवशी आणि कशासाठी जाणार हे इथंच ठरतं.

कामाला लागण्याआधी एक रचना डोक्यात पक्की हवी. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे दोन वेगळ्या बाजू असतात. एका बाजूला कॅमो (कंटिन्युइंग एअरवर्दीनेस मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन). विमान उडण्यायोग्य ठेवण्याची व्यवस्था ती पाहते, म्हणजे काय करायचं आणि कधीच्या आत करायचं हे तिथं ठरतं. दुसऱ्या बाजूला सीएआर-१४५ (देखभाल संस्थांसाठीचा डीजीसीएचा नियम) मान्यता असलेली देखभाल संस्था. ती प्रत्यक्ष काम करते आणि सहीनिशी विमान सेवेत परत सोडते. प्लॅनर दोन्हीकडे असतात. कॅमोतला प्लॅनर विमानाच्या अंगानं विचार करतो, हँगरमधला माणसांच्या आणि जागेच्या अंगानं. दोघांची भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत.

१. कोणता कागद खरा, ते आधी ठरवा

प्रत्येक विमानाचा एक मंजूर मेंटेनन्स प्रोग्राम असतो, म्हणजे कोणतं काम (टास्क) किती अंतरानं करायचं याची यादी. तुमच्यासाठी शेवटचा शब्द त्याचा. उत्पादकाचं प्लॅनिंग डॉक्युमेंट, सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाची तांत्रिक सूचना), सिनिअर इंजिनिअरची आठवण हे सगळं उपयोगाचं आहे, पण मंजुरी असते ती प्रोग्रामला. त्यातही आपल्या विमानाचा सीरियल नंबर कोणत्या टास्कला लागू आहे ते तपासा. एकाच मॉडेलच्या दोन विमानांना, एकावर बदल झालेला आणि दुसऱ्यावर नाही म्हणून, वेगळे टास्क लागू शकतात.

हे टास्क आले कुठून, हेही माहीत असू द्या. मोठ्या विमानांसाठी उत्पादक, विमान कंपन्या आणि नियामक एकत्र बसून एमएसजी-३ नावाच्या पद्धतीनं ते ठरवतात. या पद्धतीचा पहिला अवतार १९६८ मध्ये बोइंग ७४७ साठी झाला, आणि एमएसजी-३ आली १९८० मध्ये. त्याआधी सर्वसाधारण समजूत अशी की अमुक तास झाले की भाग उघडून नवा करायचा, म्हणजे तो टिकतो. युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावर आधारित १९७८ च्या अभ्यासानं ही समजूत मोडली. वय वाढलं म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे भाग निघाले फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांना ठरावीक तासांनी उघडून फारसा फायदा नव्हता.

नवीन माणसाला वाटतं, लवकर केलं, जास्त केलं, तर काय बिघडतं? बिघडतं. उघडलेली प्रत्येक गोष्ट परत नीट बसवावी लागते, आणि चुका बसवतानाच होतात. म्हणून प्रोग्राममध्ये नसलेलं काम हौसेनं वाढवू नका.

प्रोग्रामच्या शेजारी आणखी एक यादी लागते, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची. एखाद्या प्रकारच्या विमानात धोका सापडला की नियामक हे आदेश काढतो. त्यातली मुदत आदेशातच लिहिलेली असते, आणि तिथं घासाघीस चालत नाही.

२. तास आणि सायकल बरोबर आहेत का?

मला विचाराल तर सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. विमानाचं वय तीन घड्याळांवर चालतं. पहिलं उड्डाणाचे तास, दुसरं सायकल, म्हणजे एक टेकऑफ आणि एक लँडिंग, आणि तिसरं कॅलेंडर. एखादा टास्क एकावर बांधलेला असतो, एखादा दोनांवर. दोन असतील तर बहुतेक वेळा जे आधी येईल ते धरतात.

तास कोणते, इथं पहिला घोळ होतो. पायलटच्या लॉगबुकातला वेळ विमान हललं तिथपासून थांबलं तिथपर्यंतचा असतो. देखभालीसाठी धरतात तो हवेतला वेळ, चाक जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा. टॅक्सीची दहा-पंधरा मिनिटं रोज चुकून धरली, तर महिन्याअखेर यादीतली प्रत्येक तारीख खोटी ठरते. टेक लॉगचं (विमानाच्या नोंदवहीचं) पान रोजच्या रोज चढवा, आणि बेरीज मागच्या पानाशी जुळते का ते बघा. इंजिन, प्रोपेलर, लँडिंग गिअर, एपीयू (छोटं सहायक इंजिन) यांचा हिशेब वेगळा ठेवायचा. हे भाग एका विमानातून निघून दुसऱ्यात जातात आणि आपलं वय सोबत घेऊन जातात.

सायकल का मोजायची, याचं उत्तर २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर मिळालं. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४,००० फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचं छप्पर फाटून उडून गेलं. एका हवाईसेविकेचा जीव गेला, पण वैमानिकांनी विमान उतरवलं. त्या विमानाचे तास होते ३५,४९६, आणि सायकल ८९,६८०. म्हणजे एकेक उड्डाण सरासरी २४ मिनिटांचं. दर उड्डाणात केबिनमध्ये दाब भरतो आणि उतरतो, आणि सांध्यावरचा पत्रा दर वेळी ताणला जातो. त्यात समुद्राची खारी हवा. नुसत्या तासांकडे पाहिलं असतं तर ते विमान म्हातारं वाटलं नसतं. सायकलच्या हिशेबात मात्र उत्पादकानं गृहीत धरलेले ७५,००० त्यानं कधीच ओलांडले होते.

कोल्हापूरला येणारी एटीआरसारखी विमानं तास-दीड तासाची उड्डाणं करतात, दिवसात अनेक. मुंबईहून लंडनला जाणारं विमान एका सायकलमध्ये नऊ-दहा तास खातं. त्यामुळे एका जातीच्या विमानाचा अनुभव दुसऱ्याला डोळे झाकून लावू नका.

३. ड्यू लिस्ट काढा, मग फोरकास्ट

ड्यू लिस्ट म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी. शेवटचं कधी केलं, अंतर किती, पुढचं कधी. हे काम आज अ‍ॅमॉस, ट्रॅक्स, रॅमको अशी सॉफ्टवेअर करतात. तरी सुरुवातीला एक विमान एक्सेलमध्ये हातानं करून बघा. त्याशिवाय सॉफ्टवेअरनं दाखवलेली चूक डोळ्यांना दिसत नाही.

पगार मिळतो फोरकास्टचा, म्हणजे ते काम प्रत्यक्ष कोणत्या तारखेला येईल याच्या अंदाजाचा. समजा, उजळाईवाडीला एक सेस्ना १७२ ठेवलंय, लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन असलेलं. फुल-फ्लो (सगळं ऑइल गाळणारा) फिल्टर असलेल्या या इंजिनाला लायकॉमिंग दर ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगतं. मागचं ऑइल १५ एप्रिलला बदललं तेव्हा विमानाचे तास होते ३,३८६. आज १० जून, तास ३,४१२. म्हणजे पुढचं ऑइल ३,४३६ तासांना किंवा १५ ऑगस्टला. हातात उरले २४ तास.

गेल्या आठ आठवड्यांत विमान २६ तास उडलं, म्हणजे आठवड्याला सव्वातीन. हाच वेग धरला तर २४ तास १ ऑगस्टच्या आसपास संपतील. पण कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून ढग खाली येतात, दिसेनासं होतं आणि छोट्या विमानांचं उड्डाण आक्रसतं. आठवड्याला दोन तास धरले तर ३,४३६ गाठायला २ सप्टेंबर उजाडेल. त्याआधीच १५ ऑगस्ट येऊन ठेपतो. उन्हाळ्यात तासांनी बांधलेला टास्क पावसाळ्यात कॅलेंडरनं बांधला जातो. मागच्या महिन्याची सरासरी डोळे मिटून पुढं ओढणारा प्लॅनर इथं हमखास फसतो. शिवाय १५ ऑगस्टला स्टोअर बंद, निम्मी माणसं ध्वजवंदनाला. म्हणून आपली खरी तारीख १२ ऑगस्ट धरा.

म्हणून फोरकास्ट करण्याआधी उड्डाणांचं वेळापत्रक बघणाऱ्या विभागाशी बोला. नवा मार्ग सुरू होणार का, दिवाळीत जादा फेऱ्या आहेत का, एखादं विमान चार्टरला जाणार का, हे आकड्यांच्या तक्त्यात आपोआप येत नाही.

मुदत थोडी पुढं सरकवण्याची सोय प्रोग्राममध्ये लिहिलेली असते. किती आणि कोणत्या टास्कला, तेही तिथंच लिहिलेलं असतं. ती अडचणीसाठी आहे. हवामानामुळे विमान बाहेरगावी अडकलं तर वापरा, पण प्लॅन करतानाच ती हिशेबात धरू नका. डायरेक्टिव्ह, आयुष्य ठरवून दिलेले भाग आणि एअरवर्दीनेस लिमिटेशनमधले (सक्तीच्या मर्यादांच्या यादीतले) टास्क यांना ती सोय आहे असं समजूच नका, जोवर त्या-त्या कागदात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.

४. टास्क एकत्र बांधा

आपल्या सेस्नाची १०० तासांची तपासणीही समजा ३,४३६ ला येतेय, म्हणजे अंदाजे २ सप्टेंबरला. ऑइल १२ ऑगस्टला. विमान दोनदा थांबवायचं की एकदाच? १२ ऑगस्टला तास असतील ३,४३० च्या आसपास. तपासणी तेव्हाच केली तर १०० तासांतले सहा वाया जातात, कारण पुढचा हिशेब केलेल्या तासापासून सुरू होतो. त्या बदल्यात काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) एकदाच उघडतं आणि इंजिनिअर एकदाच बोलवावा लागतो. मी तर सहा तास सोडून देईन. चाळीस तास वाया जाणार असते तर नसते सोडले.

मोठ्या विमानांत ए-चेक, सी-चेक ऐकू येतात ते याच बांधणीचे गठ्ठे. ए-चेक छोटा, साधारण एक-दोन रात्रींत उरकणारा. सी-चेकला विमान दिवसेंदिवस हँगरमध्ये असतं, आणि स्ट्रक्चरच्या मोठ्या तपासण्यांना आठवडे लागतात. ए३२० कुटुंबात सहा आणि बारा वर्षांच्या स्ट्रक्चर तपासण्या प्रसिद्ध आहेत. जड काम कोल्हापुरात होत नाही. त्यासाठी विमान हैदराबाद, होसूर किंवा नागपूरच्या मिहानसारख्या ठिकाणी जातं, आणि तिथला स्लॉट कित्येक महिने आधी धरावा लागतो.

गठ्ठा बांधताना तारखेच्या जोडीनं पॅनलकडेही बघा. मागच्या कार्गोची जमीन उघडायचीच असेल, तर तिच्याखालचा चार महिन्यांनी येणारा टास्क आत्ताच ओढून घ्यावा का, असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. पुढं ढकललेले डिफेक्टही याच गठ्ठ्यात घाला. एमईएलप्रमाणे (कोणता बिघाड असताना किती दिवस उडता येतं याची मंजूर यादी) बी वर्गाच्या डिफेक्टला ३ दिवस मिळतात, सी ला १०, डी ला १२०, आणि सापडल्याचा दिवस मोजत नाहीत. ए वर्गाची मुदत त्या नोंदीतच लिहिलेली असते.

५. माल, माणूस, हत्यार, जागा

प्लॅन कागदावर सुंदर असतो आणि एका ओ-रिंगवर (गोल रबरी सीलवर) अडतो. प्रत्येक टास्क कार्डाला काय लागेल याची यादी करा. हमखास लागणारा माल मागवून ठेवा, आणि लागू शकणाऱ्या मालासाठी तो कुठं मिळेल आणि किती दिवसांत येईल ते विचारून ठेवा. सीलंट आणि रबरी भागांची शेल्फ लाइफ बघा. स्टोअरमध्ये डबा आहे आणि तारीख उलटून गेलीय, असं नेहमी विमान उघडल्यावर कळतं. टॉर्क रेंचचं कॅलिब्रेशन कधी संपतंय ते बघा. जॅक, स्टँड, बोअरस्कोप (इंजिनाच्या आत बघायचं नळीसारखं साधन) त्याच आठवड्यात दुसऱ्या विमानावर नाहीत ना, तेही विचारा.

कोल्हापूरकरांना इथं एक गोष्ट पचायला जड जाते. विमानतळाला लागूनच गोकुळ शिरगाव एमआयडीसी, पलीकडे शिवाजी उद्यमनगर. नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत तसाच तुकडा लेथवर काढून देणारे कारागीर इथं आहेत. ते म्हणतील, "कागद काय करायचाय, माल बघा की." मालात खोट नसेलही. पण विमानात जाणाऱ्या भागासोबत सीएआर फॉर्म १, इआसा (युरोपचा नियामक) फॉर्म १ किंवा एफएए (अमेरिकेचा नियामक) ८१३०-३ असा मान्य रिलीजचा कागद लागतो. साध्या नट-बोल्टलाही त्याच्या स्पेसिफिकेशनचा दाखला लागतो. तो नसेल तर बोल्ट कितीही सरस असो, स्टोअरच्या दारातून आत घ्यायचा नाही.

जुलै-ऑगस्टसाठी माल आधी आणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पुणे-मुंबईचा ट्रक पलीकडे आणि विमान अलीकडे. मान्सूनमधल्या चेकचा माल मे महिन्यातच स्टोअरला लागलेला बरा.

माणसांचं गणित मॅन-अवरमध्ये करा, पण नुसत्या कार्डांच्या बेरजेवर जाऊ नका. तपासणी म्हणजे शोधायला जाणं, आणि शोधलं की सापडतं. गंज, घासलेली वायर, तडा गेलेला ब्रॅकेट. त्यासाठी तास राखून ठेवा. जुन्या विमानाला जास्त, आणि मागच्या चेकचे फाइंडिंग वाचून. त्या प्रकारच्या विमानाचं लायसन्स असलेला इंजिनिअर त्या दिवशी रजेवर नाही, हेही बघा. हसू येईल, पण याच कारणानं विमान उभं राहिलेलं मी पाहिलंय.

६. कामाचा क्रम लावा

आधी धुणं, मग पॅनल उघडणं, मग लगेच तपासणी. तपासण्या पहिल्या दिवसांत उरकल्या की फाइंडिंग लवकर बाहेर येतात आणि माल मागवायला वेळ मिळतो. वंगण, चाकं, सीट कव्हर ही आवडीची कामं टोळीला आधी करायची असतात, कारण कार्डं भराभर बंद होतात आणि प्रगतीचा तक्ता गोंडस दिसतो. तसं होऊ देऊ नका. शेवटच्या दिवशी सापडलेला तडा सगळं वेळापत्रक गिळतो.

दोन्ही इंजिनांवर तेच काम, त्याच रात्री, त्याच माणसाकडून करून घेऊ नका. ५ मे १९८३ ला इस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार मायामीहून नासाऊला जात होतं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (ऑइलमधले धातूचे कण पकडणारे भाग) बदलले होते, आणि तिन्हींना ओ-रिंग नव्हत्या. ऑइल गळून गेलं. एक इंजिन बंद करावं लागलं, नंतर बाकीची दोनही थांबली. पहिलं परत सुरू झालं म्हणून विमान मायामीला उतरलं. विमानात १७२ माणसं होती आणि सगळी वाचली. चूक बसवणाऱ्याची होतीच. पण तिन्ही इंजिनांचं काम एकाच रात्रीत मांडलं गेलं होतं, आणि ती मांडणी प्लॅनरच्या टेबलावर बदलता येते. एक इंजिन आज, दुसरं पुढच्या आठवड्यात. तेवढं अंतर ठेवता आलं नाही तर निदान माणूस वेगळा ठेवा. फ्लाइट कंट्रोलच्या कामाला दुसऱ्या व्यक्तीची स्वतंत्र तपासणी लागते, तिचा वेळही आधीच धरा.

७. बंद करताना

विमान सुटलं की प्लॅनरचं काम संपत नाही. कार्ड एकेक करून मोजा, दिलेली किती आणि परत आलेली किती. सही, स्टॅम्प, तारीख, तास, बसवलेल्या भागाचा सीरियल नंबर आणि त्याचा रिलीज कागद. एखादं काम झालं नसेल तर ते पुढं ढकलल्याची नोंद आहे का, आणि ढकलायची परवानगी होती का? वर्षातून एकदा एअरवर्दीनेस रिव्ह्यू होतो, तेव्हा याच फाइली उघडतात. त्या वेळी शोधाशोध करण्यापेक्षा आत्ता दोन तास घालवा.

मग सिस्टिममध्ये नवे आकडे भरा. सेस्नाचं काम १२ ऑगस्टला ३,४३० तासांना झालं असेल, तर पुढची १०० तासांची तपासणी ३,५३० ला, आणि ऑइल ३,४८० ला किंवा १२ डिसेंबरला. जुने ३,५३६ आणि ३,४८६ कुठं राहून गेले नाहीत ना, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तपासायला द्या. आपण भरलेला आकडा आपल्याच डोळ्यांना बरोबर दिसतो. तो तपासेपर्यंत पावसाळा ओसरल्यावरचा उड्डाणांचा वेग विचारून घ्या, कारण ऑक्टोबरपासून हिशेब पुन्हा तासांवर येणार.